खाली नेलं म्हणून

रुपाबाईच्या हाताला गुण होता, हे तांड्यावर कुणाला सांगावं लागत नव्हतं. निम्मा तांडा तिच्याच हातात पहिल्यांदा रडला होता. वाशीमकडे, किन्हीराजाच्या बाजूला, टेकाडावर चाळीसेक घरांचा तांडा. खाली उतरलं की गाव, आणि गावाच्या तोंडाशीच सरकारी उपकेंद्र. मधली वाट दीड-दोन किलोमीटरची, पण सगळी उताराची आणि दगडगोट्यांची. या वाटेनं पोरं शाळेत जात, बाया बाजाराला जात, दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या उतरत. पण गेल्या अडीच वर्षांत या वाटेनं बाळंतपणाला म्हणून एकही बाई खाली गेली नव्हती.

का, म्हणून विचारा. तांड्यातलं शेंबडं पोरही सांगेल, "करणच्या बायकोले खाली नेलं म्हून ती मेली." करण हा रुपाबाईचा मुलगा. आणि त्याच्या बायकोला खाली नेणारी होती रुपाबाईच.

त्याचं असं झालं. आठ-नऊ वर्षांपूर्वी रत्नमाला सिस्टर उपकेंद्रावर आली. मालेगावची, तिशीतली, तोंडानं फटकळ. इतर सिस्टरा सकाळी यायच्या आणि दुपारची एसटी पकडून पसार व्हायच्या. ही मात्र उपकेंद्राच्या मागच्या खोलीत बिऱ्हाड करून राहिली. तांड्यावरच्या बायका दवाखान्यात यायच्या तर आधी ही म्हातारी वळवली पाहिजे, हे तिनं आल्या आल्या ओळखलं. म्हातारी कसली, पन्नाशीसुद्धा उलटली नव्हती; पण सुईण म्हटलं की बाई आपोआप म्हातारी होते. सिस्टर दर बुधवारी वर यायची, रुपाबाईच्या ओट्यावर बसायची, तिचा चहा प्यायची आणि तिच्याशीच भांडायची. दोन वर्षं हे चाललं. मग एका बाईला कळा चालू असताना झटके आले, डोळे पांढरे झाले, आणि रुपाबाईचे गुणाचे हात तिथे थिटे पडले. ती बाई सिस्टरनं वाचवली. त्या दिवशी रुपाबाई वळली.

नुसती वळली नाही. तांड्याच्या प्रमुखासमोर, भाऊसिंग नाईकासमोर, सेवालाल महाराजांच्या देवळापुढे, सगळ्या तांड्यादेखत तिनं शब्द दिला की आजपासून माझ्या हातानं घरात बाळंतपण होणार नाही. सिस्टरनंही तिथेच शब्द दिला, "दिवस असो की रात, दार वाजवजा. मी उघडीन." नाईकासमोर दिलेला शब्द म्हणजे त्या तांड्यात काळ्या दगडावरची रेघ. तो सोडवायचा तर ज्याला दिला त्यानंच नाईकासमोर येऊन 'मोकळी केली' म्हणायचं. नाहीतर माणूस मरेपर्यंत बांधलेलं. बाहेरच्यांना हे हसण्यावारी वाटेल, आणि रत्नमालालाही तेव्हा त्याचं वजन पुरतं कळलं नसावं.

चार वर्षं दोघींनी शब्द पाळला. मग तो कोरोना आला.

पहिल्या वर्षी सिस्टर कशीबशी टिकली. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिला तालुक्याच्या कोविड सेंटरवर नेलं. 'आजच्या आज हजर व्हा' म्हणून फोन आला, तिनं दाराला कुलूप लावलं, एका कागदावर 'उपकेंद्र तात्पुरते बंद आहे' असं लिहून तो चिकटवला आणि गेली. वर तांड्यावर जाऊन सांगायला वेळ कुणाला होता? आणि कागद वाचून घ्यायला रुपाबाईला अक्षर कुठे येत होतं?

वैशाखातल्या एका दुपारी करणच्या बायकोला, उज्ज्वलाला, कळा सुरू झाल्या. बावीस वर्षांची पोर, पहिलटकरीण. हसरी इतकी, की सासू रागावली तरी पदर तोंडात धरून हसायची.

"सिस्टर नाई तठी," करण म्हणाला. "वीस दिस झाले, तिची स्कूटी नाई दिसली. तूच कर अठी."

"शब्द देला हाये तिनं," रुपाबाई म्हणाली. "दार वाजवलं की उघडते ते."

"अन् नाई उघडलं तं?"

"मी बी शब्द देला हाये, करण."

हेच तिचं शेवटचं म्हणणं. तांड्यातल्या बाबूसिंगच्या ऑटोत उज्ज्वलाला घातली आणि त्या दगडांच्या उतारावरून खाली नेली. दाराला कुलूप. रुपाबाईनं दार वाजवलं, हाका मारल्या, मागच्या खोलीकडे जाऊन खिडकी ठोकली. करण सिस्टरला फोन लावत राहिला; घंटी वाजे, कोणी उचलेना. दवाखान्याच्या सरकारी गाडीचा नंबर लागतच नव्हता. मालेगावकडे न्यावं तर पोर हलायच्या पलीकडे गेली होती. शेवटी त्याच दारापुढच्या फरशीवर रुपाबाईनं पदराचा आडोसा केला आणि तिचं बाळंतपण केलं. गावातली माणसं दारं लावून आत बसली होती, रोगाची भीतीच तशी होती. एका बाईनं तेवढी पाण्याची कळशी लांब आणून ठेवली आणि मागे न बघता पळाली.

मुलगी झाली. रडली. वारही पडली. झालं सगळं, असं रुपाबाईला वाटलं. आणि मग रक्त सुरू झालं, ते थांबेचना. तिनं पोट चोळलं, बाळ छातीला लावलं, नवस बोलली. दाराला पाठ टेकून, उज्ज्वलाचं डोकं मांडीवर घेऊन ती बसली होती आणि ते रक्त पायरीवरून खाली उतरत होतं. मग ऑटोत घालून मालेगावकडे निघाले. मालेगाव यायच्या आधीच उज्ज्वला गेली.

तांड्यानं निवाडा करायला वेळ लावला नाही. भरल्या कळांत बाईला दगडांवरून हलवली, ऑटोत हिसके बसले, म्हणून रक्त सुटलं. घरी ठेवली असती तर वाचली असती. रुपाबाईला कोणी तोंडावर बोललं नाही, फक्त करण बोलला, आणि एकदाच बोलला, "तुया शब्दापायी गेली ते." तिला स्वतःलाही तेच वाटत होतं. भाऊसिंग नाईकानं सांगितलं, सिस्टरनं दार उघडलं नाही, शब्द तिनं मोडला, तू आता मोकळी. मोकळी होऊन काय करायचं होतं तिला? पण बायकांना दिवस जायचे थांबत नाहीत. रुपाबाई पुन्हा घरोघरी जाऊ लागली. अडीच वर्षांत सात बाळंतपणं केली, सातही सुखरूप. प्रत्येक वेळी बाळ रडलं, वार पडली, रक्त थांबलं, की तिच्या काळजात एकच सुरी फिरायची. आपण उज्ज्वलालाही घरी ठेवलं असतं तर.

रत्नमाला सिस्टर पुढच्या वर्षी परतली. बैल गेला आणि झोपा केला, तशी मग सरकारला उपकेंद्राची आठवण झाली. भिंतींना रंग, नवी पाटी, नवं टेबल, पाटीखाली मोठ्या अक्षरांत 'सर्व सेवा पूर्ववत सुरू'. राहून गेलेल्या लसी, राहून गेलेल्या तपासण्या, सगळ्यांच्या याद्या निघाल्या. खालच्या गावातल्या बायका हळूहळू येऊ लागल्या. तांड्यावरून मात्र कोणी नाही. लस टोचून घ्यायला पोरं पुढे करत, गोळ्या घेत, सिस्टरशी दोन शब्द बोलतही. पण बाळंतपण म्हटलं की दारं लागायची. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथे तर पोळण्यावर भागलं नव्हतं.

दरम्यान करणचं दुसरं लग्न झालं होतं. उज्ज्वलाची तान्ही मुलगी रुही, तिला कोणी सांभाळायचं, म्हणून व्याह्यांनी धाकटी मुलगी दिली. पायल तिचं नाव. उज्ज्वलासारखी हसरी नव्हती, पण रुहीला तिनं पहिल्या दिवसापासून मांडीवरून उतरू दिलं नाही. लग्नाच्या दिवशी विहीणबाईंनी रुपाबाईचा हात धरला होता आणि एवढंच म्हटलं होतं, "हे तरी सांभाळजो व माय." रुपाबाईनं मान हलवली. शब्द म्हणून काही दिला नाही. शब्दांचा तिनं धसका घेतला होता.

आणि आता पायलचा नववा सरत आला होता. सोयाबीन निघालं होतं, दिवाळी पंधरा दिवसांवर होती. बुधवारी सिस्टर वर आली, पायलच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला आणि तिचा चेहरा उतरला.

"मावशी, रक्त नऊच हाये हिचं, अकरा तरी पायजे," ती रुपाबाईला म्हणाली. "घरी नका करू. पाया पडते तुमच्या."

"तुया दारात एक ठेवून आली मी," रुपाबाई म्हणाली. "दुसरी नाई आनत."

सिस्टर ओट्यावर बसली. चहा कोणी विचारला नव्हता.

"मले फोन आला अन् मी गेली," ती म्हणाली. "दारावर कागद लावला, वाटलं झालं काम. वर येऊन तुमाले सांगाले पायजे होतं. नाईकासमोर म्हनाले पायजे होतं, की मावशी, आता मी नाई, तुमीच करजा. अर्धा घंटा लागला असता. थो अर्धा घंटा मले नाई सुचला."

"तू आली असती तं मी तिले घरीच ठेवली असती."

"हो."

"ते वाचली असती."

यावर सिस्टर काहीतरी बोलणार होती. पण मग तिनं मान खाली घातली, पिशवी उचलली आणि गेली. रुपाबाईला वाटलं, पटलं हिला. आतून पायल ऐकत होती. सासूला ती आईसारखी याडीच म्हणायची. ती दारात येऊन म्हणाली, "याडी, मले खाली नोका नेऊ. ताईसारखं नोका करू." रुपाबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

पुढच्या सोमवारी पहाटे पायलला कळा लागल्या. रुपाबाईनं या वेळी काही म्हणून कमी ठेवलं नाही. खोली सारवून घेतलेली, पाणी उकळलेलं, नवं ब्लेड, धुतलेली लुगडी. पायलला तिनं अंगणातसुद्धा पाऊल टाकू दिलं नाही. पाण्याचा तांब्याही तोंडाशी नेऊन धरला. हिसका नाही, धक्का नाही. ऊन ओट्यावर यायच्या आत मुलगा झाला, खणखणीत रडला. वार पडली. करणनं बाहेरून विचारलं, "झालं?" आणि रुपाबाई "झालं रे" म्हणाली. अडीच वर्षांत पहिल्यांदा तिला जरा हलकं वाटलं.

मग तिच्या हाताखालचं पोट मऊ पडलं.

ते मऊपण तिच्या हातांनी एकदाच पाहिलं होतं. तिनं लुगडं बाजूला केलं. रक्त चालू झालं होतं, मुकाट, धार धरून. तिनं पोट चोळायला घेतलं. चोळता चोळता तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमायला लागली. हिला तर कोणी हलवलंच नव्हतं. हिला तर ऑटो लागला नव्हता, उतार लागला नव्हता, दगड लागला नव्हता. मग हे रक्त कशानं सुटलं?

तिचे हात थांबले नाहीत, पण तिला कळलं की हे हात पुरणार नाहीत. "करण, बाबूसिंगले हाक मार! सिस्टरले फोन लाव!" ती आतूनच ओरडली.

करण दारात आला आणि दारातच उभा राहिला. आत बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. "नाई," तो म्हणाला. "हिले नाई नेऊ देत मी. एकीले नेलं तेवढं बस झालं."

"बाजूले हो."

"हलवू नोको तिले! हलवलं म्हून तं ते..."

"हिले कोनी हलवलं रे?" रुपाबाई ओरडली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल होते. "पाह्य न इकडे! कोनी हलवलं हिले? अठी बसून मी आनखी एक मरतानी पाहू का?"

करण बाजूला झाला आणि त्यानं सिस्टरला फोन लावला. बाजेसकट पायलला उचलली, चार गड्यांनी अंगणापर्यंत आणली, ऑटोत ठेवली. तांड्यातल्या बाया दारांत उभ्या होत्या. कोणी अडवलं नाही, पण कोणी सोबतही आलं नाही. बाळ शेजारणीकडे, रुही तिच्याच पायाशी रडत. ऑटो त्याच दगडांवरून उतरला. सबंध वाटभर रुपाबाईचा हात पायलच्या पोटावरून निघाला नाही. पायलचे डोळे मिटायला लागले की ती हाका मारायची, आणि एकदा तिच्या तोंडून पायल म्हणायच्या जागी उज्ज्वला निघालं.

सिस्टर रस्त्यावर उभी होती, पायात चप्पल नव्हती. मागे दोन्ही दारं सताड उघडी. पायलला टेबलावर घेईस्तोवर तिनं सुई भरली होती. मांडीत इंजेक्शन दिलं, चार गोळ्या जिभेखाली ठेवल्या, हाताला सलाईन लावलं, आणि मूठ करून पोट दाबायला लागली. "मावशी, तुमी वरून चोळा. जोरात. थांबू नोका." दोघी समोरासमोर उभ्या राहून एका पोटावर झुकल्या होत्या. मालेगावच्या गाडीला फोन झाला होता, गाडी निघाली होती.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. रुपाबाईच्या हाताखाली काहीतरी आवळलं. मऊ गोळा हळूहळू घट्ट झाला, नारळासारखा. रक्ताची धार बारीक झाली, मग थेंब थेंब, मग थांबली. पायलनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

"वाचली," सिस्टर म्हणाली आणि भिंतीला टेकली. "रक्त चढवाले लागन, वाशीमले पाठवू. पन वाचली."

रुपाबाईनं पायलचे ओठ ओल्या फडक्यानं पुसले. हात धुतले. धुतलेले हात तिनं बराच वेळ तसेच समोर धरले. मग विचारलं, "काय देलं तू तिले?"

"इंजेक्शन. अन् चार गोळ्या. पिशवी आवळते त्यानं. कधी कधी बाळ झाल्यावर पिशवी सैल पडते मावशी, घरी झालं तरी पडते अन् दवाखान्यात झालं तरी पडते. मंग नुसत्या हातानं नाई थांबत."

"उज्ज्वलेले हेच झालं होतं."

"हो."

"तवा, त्या रोगाच्या वक्ताले, ह्या गोळ्या होत्या तुयापाशी?"

"होत्या."

"कुठी होत्या?"

रत्नमालाला खोटं बोलता आलं असतं. मालेगावला होत्या म्हटलं असतं, संपल्या होत्या म्हटलं असतं. या बाईनं कुठे जाऊन विचारलं असतं? रुपाबाई तिच्याकडे बघत होती, आणि सिस्टरला ते खोटं तोंडातून काढता आलं नाही.

"अठीच होत्या," ती म्हणाली. "या कपाटात. किल्ली माह्या पर्समंधी होती."

रुपाबाईनं कपाटाकडे पाहिलं. कपाटापासून दार सहा पावलांवर होतं. दाराच्या त्या अंगाला ती बसली होती. उज्ज्वला तिच्या मांडीवर होती, 'याडी, थंडी वाजते' म्हणत होती, वैशाखाच्या उन्हात. आणि गोळ्या सहा पावलांवर, दाराच्या या अंगाला, एका खोक्यात गप पडून होत्या. करणनं एक लाथ घातली असती तरी ते दार तुटलं असतं. पण आत काय आहे हे कुणाला ठाऊक होतं? सिस्टर नाही म्हणजे आत काहीच नाही, असं समजून तिघंही त्या दाराला टेकून बसली होती.

सिस्टर रडायला लागली होती. रागवायला रुपाबाईत काही उरलं नव्हतं, आणि डोळे पुसायला हातही पुढे होईना. ती बाहेर आली.

करण पायरीवर उभा होता. आत यायची त्याची छाती होत नव्हती.

"वाचली," रुपाबाई म्हणाली.

त्यानं डोळे मिटले. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं, आणि तो हळू म्हणाला, "अठी आनलं म्हून वाचली?"

"हो."

"मंग उज्ज्वला..."

"तिले बी बरोबर जाग्यावरच आनलं होतं रे बापा," रुपाबाई म्हणाली. "घरी ठेवली असती तरी गेली असती. दवा आत होती. आपन बाहेर होतो."

अडीच वर्षं ती देवाजवळ एकच मागत होती, की हे पाप आपलं नव्हतं असं कोणीतरी म्हणावं. आज ते तिच्याच तोंडून निघालं. आणि तिला वाटलं, आपलं पाप असतं तर बरं झालं असतं. निदान पोर कशापायी तरी गेली म्हणता आलं असतं. ती मटकन खाली बसली आणि उज्ज्वलाचं नाव घेऊन तिनं असा हंबरडा फोडला, की गावातल्या बायका दारं उघडून बाहेर आल्या. करण तिच्याजवळ टेकला, तिच्या खांद्यात तोंड घालून लहान पोरासारखा रडू लागला. आत पायल जिवंत होती, वर तांड्यावर बाळ जिवंत होतं, आणि पायरीवर दोघं मायलेक उज्ज्वलासाठी रडत होते, जशी काही ती आत्ताच गेली होती.